ओहोटीने वाट उघडते, भरतीने मासा येतो: कोकणातल्या कातळावर आणि बेटावर गरवण्याचा एक दिवस

गळ घेऊन कातळावर जाणारा नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘मासा कुठे लागतो?’ जुना माणूस विचारतो, ‘पाणी कधी फिरतं?’ मासा ओहोटीच्या तळाला फारसा खात नाही. पाणी चढायला लागलं की तो कालवांच्या आणि शेवाळाच्या खडकांवर चरायला येतो. पण त्याच चढत्या पाण्याने तुमची परतीची वाट बंद होते. गरवण्याच्या, म्हणजे गळाने मासे धरण्याच्या, दिवसाची आखणी म्हणजे या दोन गोष्टींचा मेळ, म्हणून इथे गळाआधी घड्याळ येतं. वर्णन मालवण-देवगड पट्ट्याचं असलं तरी हिशेब सगळ्या कोकण किनाऱ्याला लागू पडतो, फक्त आकडे बदलतात.

दिवस कसा निवडायचा

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे 4 गुणिले पाऊण, म्हणजे 3 वाजता भरती. अष्टमीला 6 वाजता. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीच्या सव्वासहा तास आधी आणि सव्वासहा तास नंतर ओहोटीचा तळ. हा हिशेब मुंबईच्या आसपास बरा जुळतो. दक्षिणेकडे भरती आधी होते, मालवणात अर्धा ते एक तास तरी आधी. त्यामुळे दिवस निवडायला पंचांग आणि वेळ ठरवायला भरती-ओहोटीचा तक्ता, अशी विभागणी ठेवा. भारतीय सर्वेक्षण विभाग दर वर्षी असे तक्ते काढतो, आणि मोबाइलवरही ते मिळतात. फक्त तक्ता जवळच्या बंदराचा आहे ना, ते पाहा. मुंबईचा तक्ता घेऊन देवगडला गेलेला माणूस तासभर उशिरा पोचतो आणि त्याची वाट तासभर आधी बंद होते.

उधाण अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत असतं. तेव्हा पाणी खूप आत जातं आणि खूप वर येतं. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो, पाणी धड उतरत नाही आणि धड चढत नाही. कातळ फिरायचा तर उधाण हवं. पण खुद्द अमावास्येला ओहोटीचा तळ पहाटे पाच-साडेपाचला पडतो, म्हणजे जाण्याची वाट अंधारात. तृतीया ते पंचमी हे दिवस त्यातल्या त्यात सोयीचे: उधाणाचा जोर अजून असतो आणि तळ सकाळी सात ते नवाच्या दरम्यान येतो. चतुर्थी सर्वांत चांगली. अडचण एकच, बऱ्याच घरांत चतुर्थीला मासे शिजत नाहीत. त्या दिवशी धरलेली मासळी बर्फात ठेवून पंचमीला खायची.

हंगाम ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत. पावसाळ्यात कातळावर पाय ठेवू नये. 1 जून ते 31 जुलै राज्यात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. ती होड्यांसाठी आहे, काठावरच्या गळाला नाही, पण त्या दिवसांत लाटाच माणसाला कातळावर उभं राहू देत नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राचा, लाटांचा इशारा पाहा. आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असतानाही दूरच्या वादळाची फुगलेली लाट किनाऱ्यावर येऊ शकते.

पाणी किती वेगाने चढतं

सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. एकूण चढ बारा भागांत धरा: पहिल्या तासात 1 भाग, दुसऱ्यात 2, तिसऱ्यात 3, चौथ्यात 3, पाचव्यात 2, सहाव्यात 1. मालवणात उधाणाला फरक दोन मीटरच्या आसपास असतो. म्हणजे पहिल्या तासात पाणी जेमतेम 17 सेंटीमीटर चढतं, दुसऱ्यात 33 आणि तिसऱ्यात 50. घोट्याला लागणारं पाणी बघता बघता मांडीला येतं ते याच तिसऱ्या तासात. वर अलिबागकडे फरक साडेतीन मीटरच्या घरात जातो, तिथे तिसऱ्या तासात 90 सेंटीमीटर चढतात. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीत चालत गेलेले लोक अडकतात ते बहुधा यामुळेच. पहिला दीड तास पाणी ‘हलतच नाही’ असं वाटतं, माणूस निवांत होतो, आणि मग वाट एकदम जाते.

यावरून एक नियम: वाटेतला सर्वांत खोल भाग ओहोटीच्या तळानंतर पावणेदोन तासांच्या आत परत ओलांडायचा, मासा लागत असला तरी.

जाताना त्या खोल भागाशी थांबा. पाणी किती आहे ते काठीने मोजा आणि पलीकडच्या खडकावर पाण्याची रेघ नेमकी कुठे आहे ते मोबाइलवर टिपून ठेवा. परतताना तीच रेघ बुडालेली दिसली तर किती सेंटीमीटर चढलं ते लगेच कळतं. वाहतं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडू नका. उंच जागा पाहून बसा, भरती उतरेपर्यंत. त्यात सात-आठ तास जातील, पण पाणी आणि सावलीची सोय असली तर त्यात धोका नाही.

बेटावर जायचं असेल तर

दोन प्रकारची बेटं असतात, ओहोटीत चालत जाता येणारी आणि होडीने गाठायची. मालवणात दांडी किनाऱ्यावरून पद्मगडाला ओहोटीत वाळूच्या पट्ट्यावरून चालत जाता येतं, आणि वेताळाच्या देवळापर्यंतचा हा फेरफटका सुंदर आहे. पण तिथे गळ टाकू नका. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्याभोवतीचं पाणी 1987 साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या गाभ्यात येतं. तिथे फक्त चालायचं. पोवळी, समुद्रकाकडी, समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, मेलेल्या पोवळ्याचा तुकडासुद्धा पिशवीत टाकू नका.

होडीने जाणार असाल तर होडीवाल्याशी तीन गोष्टी आधी बोलून घ्या: सोडणार कुठे, उचलणार किती वाजता, आणि वारा सुटला तर उचलणार कुठून. तिसरी गोष्ट लोक विसरतात. कोकणात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि पाणी गुळगुळीत असतं. बारा-एकच्या सुमाराला खारा वारा फिरतो, मार्च ते मे तर वायव्येकडून चांगला जोर धरतो. सकाळी ज्या खडकाला होडी सहज लागली तिथे दुपारी ती आपटते. म्हणून उचलण्याची वेळ बाराच्या आधीची ठरवा आणि बेटाची पूर्व बाजू, म्हणजे जमिनीकडची आडोशाची बाजू, पर्याय म्हणून बघून ठेवा. पैसे परतल्यावर द्या. हा अविश्वास नव्हे, किनाऱ्यावरची रीतच आहे.

सामान

पायात कॅनव्हासचे जुने, रबरी तळाचे बूट, किंवा खलाशी वापरतात ते मागून पट्टा असलेले प्लॅस्टिकचे सँडल. साधी चप्पल नको, ती शेवाळावर सटकते आणि कालवं पाय कापतात. माणशी तीन लिटर पाणी. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, शिट्टी, बॅटरी, झिपच्या पिशवीत मोबाइल. सुरी, पक्कड, जाड सुती कापडाचा तुकडा. पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट बंद केलेला कॅन आणि त्याच्या मुठीला बांधलेला 15 मीटर दोर. कोणी पाण्यात पडलं तर फेकायला यापेक्षा स्वस्त आणि भरवशाची वस्तू नाही. पोहता येत असलं तरी पुढच्या खडकावर लाइफ जॅकेट अंगात हवं.

गळाचं सामान नवख्याने हातगरीचंच, म्हणजे रॉडशिवाय नुसत्या हाताने टाकायच्या गळाचंच, घ्यावं. रॉड आणि रीळ पुढे केव्हाही घेता येतं, पण हातात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, धरल्यावर तळाशी वाळू आहे की खडक, मासा चाटतोय की गिळतोय, हे बोटाला जे कळतं ते रॉडवर कळायला वर्ष जातं.

मुख्य तंगूस 0.50 ते 0.60 मिलिमीटर जाडीचा, 40 मीटर, पीव्हीसी पाइपच्या वीतभर तुकड्यावर गुंडाळलेला. टोकाला एक गाठफास करा आणि त्याला शिसं बांधा, 60 ते 80 ग्रॅम. पण शिसं मुख्य तंगुसाने बांधायचं नाही, 0.25 चा बारीक तंगूस वीतभर घेऊन त्याने बांधायचं. कातळावर शिसं अडकणारच. बारीक धागा असला की ओढल्यावर तो तुटतो आणि शिसंच जातं, गरी (माशाला टोचणारा आकडा) आणि मासा हाती राहतात. शिशाऐवजी जुने नट किंवा मोटारसायकलचे फेकलेले स्पार्क प्लग वापरले तर तुटल्याचं दुःखही होत नाही. शिशाच्या वर 30 सेंटीमीटरवर 0.40 च्या तंगुसाचा 25 सेंटीमीटरचा फाटा आणि त्याला गरी. एकच गरी ठेवा. दोन गऱ्या म्हणजे खडकात अडकण्याच्या दुप्पट संधी. गरीचा आकार पालू आणि मुडदुशासाठी 4 किंवा 2 नंबर, तांबोशी आणि गोबऱ्यासाठी 1/0 ते 2/0. यात नंबर वाढला की गरी लहान होते, पण शून्याची तिरपी रेघ आली की उलटं, मोठी होते. दुकानात नवख्यांची हमखास चूक इथेच होते.

गरी बांधायची गाठ अशी: तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवून दहा सेंटीमीटर टोक बाहेर काढा. ते टोक मुख्य तंगुसाभोवती सहा वेढे फिरवा. डोळ्यालगत जो छोटा फास राहिला आहे त्यातून टोक घाला, मग नव्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून. आता थुंकी लावा. कोरडी गाठ आवळली की घर्षणाने तंगूस तापतो आणि नेमका तिथेच पांढरा पडून कमकुवत होतो. ओली करून सावकाश आवळा, वेढे एकाशेजारी एक नीट बसले पाहिजेत, एकावर एक चढले तर कापून पुन्हा बांधा. तीन मिलिमीटर टोक ठेवून बाकी कापा. मग गरी पक्कडीत धरून जोरात झटका द्या. घरी तुटलेली गाठ बरी.

आमिष

दोघांना चार तासांना पाव किलो मध्यम कोळंबी पुरते. आदल्या रात्री सोलून, मूठभर जाड्या मिठात घोळवून फडक्यात बांधून ठेवा. मीठ पाणी ओढून घेतं, मांस चिवट होतं आणि गरीवरून निसटत नाही. ताजी कोळंबी मासा जास्त आवडीने खातो हे खरं, पण पहिल्या लाटेत ती निघून जाते. तारलीच्या तुकड्याचा वास लांब जातो, तो मऊ असल्यामुळे शिवणाच्या धाग्याचे चार वेढे देऊन बांधावा लागतो. माकुलाच्या (स्क्विडच्या) पट्ट्या सर्वांत टिकाऊ, बोटभर लांब आणि अर्धं बोट रुंद. लहान मासे आमिष कुरतडून हैराण करतात तेव्हा माकूलच लावा. आमिष गरीवर असं ओवा की टोक जरासं उघडं राहील. गोळा करून टोक आत बुडवलं तर मासा ओढतो पण टोचत नाही.

दिवसाची आखणी

समजा चतुर्थी आहे, मालवणजवळच्या बंदराच्या तक्त्यात ओहोटीचा तळ 8:05 आणि भरती 2:15.

साडेसहाला, दिसायला लागलं की निघा. वाळूवर तासाला चार किलोमीटर जातात, कातळावर एक ते दीड. नकाशावर दोन किलोमीटर दिसणारं टोक म्हणजे दीड-दोन तास. कातळावर पाय कुठे ठेवायचा ते रंगावरून ठरवा. काळा आणि चकचकीत भाग म्हणजे शेवाळाचा पातळ थर, तो हिरव्या शेवाळापेक्षाही वाईट, कारण दिसत नाही. पांढरट, खरखरीत, टोकदार बारनॅकलनी, म्हणजे खडकाला चिकटलेल्या बारीक कवचाच्या जीवांनी, भरलेल्या खडकावर पाय छान धरतो, पण तळहात टेकला तर सोलून निघतो. उतारावर समोर तोंड करून न उतरता तिरकं उतरा आणि एका वेळी एकच पाय हलवा.

पुढच्या खडकावर पोचलात की लगेच गळ टाकू नका. मागे उभं राहून पंधरा मिनिटं लाटा पाहा. लाटा गटाने येतात, आठ-दहा साध्या आणि मग दोन-तीन मोठ्या. सर्वांत मोठी कुठवर भिजवते ते पाहून त्याच्या दोन पावलं वर उभं राहायचं. कातळ कोरडा आहे म्हणून लाट येत नाही असं नाही, मोठी लाट दहा मिनिटांनी एकदा येते आणि उन्हात कातळ तेवढ्यात सुकतो. आणखी एक खूण: जिथे बारनॅकल आहेत तिथे पाणी रोज येतं. समुद्राकडे पाठ करून आमिष लावायचं नाही, हे लहान मुलांना सांगतात तसं मोठ्यांनाही सांगावं लागतं.

आठ ते सव्वानऊ या वेळात पुढचा खडक. तळाला पाणी ठप्प असतं तेव्हा मासा मंद असतो, तो वेळ घळी बघण्यात घालवा: कुठे खडक संपून वाळू सुरू होते, कुठे फेस साचतो, कुठे कालवांची भिंत आहे. या कडा ध्यानात ठेवा, तासाभरात पाणी तिथे शिरेल आणि मासाही. तंगूस सपाट कातळावर ढिला, मोठ्या वेटोळ्यांत पसरा, त्यावर पाय नको. शिशाजवळ हातभर तंगूस सोडून तो डोक्यावर दोनदा फिरवा आणि समोर सोडा. लांब टाकण्याचा हट्ट नको, कातळावर मासा बहुधा पंधरा मीटरच्या आतच असतो. शिसं तळाला टेकलं की ढील काढा आणि तंगूस तर्जनीवर ठेवा. हाताला वेढा कधीही मारू नका, मोठा मासा बोट हाडापर्यंत कापतो.

पालू टुक-टुक करतो. दोन टुकण्या जाऊ द्या, तिसरी जड लागली की मनगटाने ओढा. गोबऱ्याचं वेगळं: तो एकदाच घेतो आणि थेट बिळात शिरतो. त्याला सेकंदही देऊ नका, दोन हातांनी सरळ ओढून तळापासून उचला. बिळात गेलाच तर तो गालफडं फुगवून अडकून बसतो, ताणल्यास फक्त तंगूस तुटतो. तंगूस पूर्ण सैल सोडा, तीन मिनिटं थांबा. ताण गेला की तो बऱ्याचदा स्वतःच बाहेर डोकावतो, तेव्हा ओढा.

सव्वानऊला आवरा. पावणेदहाच्या आत खोल भाग ओलांडून अलीकडच्या, गावाकडे पाठ असलेल्या उंच कातळावर या. दिवसाची खरी मासेमारी इथे, दहा ते साडेबारा. पाणी जोरात चढत असतं, मासा कडेला येतो आणि मागची वाट कोरडी असते. बरेच लोक नेमकं उलट करतात: तळाला अलीकडे रेंगाळतात आणि पाणी चढायला लागल्यावर ‘पुढे मासा आहे’ म्हणून पुढे जातात. जवळच्या वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिच्या घेरात शिसं टाकू नका. गळ गुंडाळून दोराला हात लावा, वाट्याला मूठभर मासळी येण्याचा संभव गळापेक्षा जास्त.

हात लावू नये असे

शिंगटीच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तिन्ही विषारी. पक्कडीने गरी सोडवा किंवा फाटा कापून टाका. पाकटाचा काटा शेपटीवर. काटा लागलाच तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंश, अर्धा ते दीड तास बुडवा, वेदना उतरते. पाणी आधी न दुखणाऱ्या हाताने तपासा, नाहीतर भाजल्याचं कळत नाही. म्हणून दोघांत मिळून एक थर्मास गरम पाणी न्यावं, चहाही होतो. केंड मासा फुगून गंमत दाखवतो, पण त्याचं विष शिजवूनही जात नाही. तो परत पाण्यात. सुबक नक्षीचा, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख खिशात घालू नका, त्याचा डंख जिवावर बेतू शकतो. कालवाने कापलं तर जखम समुद्राच्या पाण्याने धुऊ नका, पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा. दुसऱ्या दिवशी लाली पसरली किंवा ताप आला तर तडक डॉक्टरकडे.

कोणी पाण्यात पडलं तर मागे उडी नको. कॅन फेका. पडलेल्याने खडकाला धरून वर चढायचा प्रयत्न करायचा नाही, लाट तिथेच आपटते. खडकापासून दूर, फेसाच्या बाहेर जाऊन कॅनवर तरंगत राहायचं. मग 112 किंवा तटरक्षक दलाचा 1554.

धरलेल्या मासळीचं

ठेवायचा मासा लगेच मारा, कल्ले कापून रक्त जाऊ द्या आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. बादलीतल्या समुद्राच्या पाण्यात दहा मिनिटांत मासा गुदमरतो आणि अकराच्या उन्हात तासाभरात मऊ पडतो. शक्य असेल तर मासळीच्या वजनाइतका बर्फ थर्माकोलच्या पेटीत गावाकडच्या टोकाला ठेवून जा. वीतभरही नसलेली तांबोशी किंवा गोबरा हात ओला करून सोडून द्या. राज्याने 2023 मध्ये 54 जातींसाठी किमान आकार ठरवले आहेत, यादी एकदा पाहून ठेवावी. तुटलेला तंगूस खिशात परत आणा. कोकणच्या वाळूवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, आणि तंगुसात अडकलेल्या कासवाला तो सोडवता येत नाही.

घरी आल्यावर गऱ्या गोड्या पाण्यात धुऊन, पुसून, खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवा. तंगुसाचे पहिले दोन मीटर बोटांतून ओढून पाहा, खरखर लागली तर तेवढे कापून टाका.